गाडीतला खाऊ : भूक नेमकी कोणाला लागते?

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय वाचून एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, आणि ते मला ऐकू आलं, "तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी आता वेफर्सवर बोलायचं ठरवलेलं दिसतंय." (हशा) ठरवलंय खरं. गेल्या व्याख्यानात आपण गरज आणि इच्छा यांतला भेद पाहिला. ते संपल्यावर एका ताईंनी विचारलं होतं, "सर, हे सगळं पटलं. पण आमची मुलं गाडीत बसली की पहिला टोलनाका यायच्या आत खायला मागतात, त्याचं काय करायचं?" मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्याला एक खाजगी कारण आहे, ते मी मध्ये सांगेन. सुरुवातीला सांगितलं तर मला पुढचं नीट बोलता येणार नाही.

एक प्रसंग घेऊ. पहाटे सहाला पुण्याहून निघायचं. सुनेचं माहेर चिपळूणचं, त्यामुळे हा आमचा वर्षातून दोन-तीनदा होणारा प्रवास. सातारा रस्ता, उंब्रजला वळायचं, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. निघण्यापूर्वी सगळ्यांचे पोहे झालेले, नातवाचे तर दोनदा. कात्रजचा बोगदा मागे पडतो आणि मागच्या सीटवरून आवाज येतो, "आबा, भूक लागली."

पोहे पोटात जाऊन अर्धा तास झालेला आहे. मग हा मुलगा खोटं बोलतोय का? आपण मोठी माणसं इथे पटकन दोनपैकी एक करतो. एक तर "आत्ताच खाल्लंस ना!" म्हणून दटावतो, नाहीतर मुकाट्याने पुडा फोडतो. दोन्हीत एक गोष्ट राहून जाते. तो काय म्हणाला हे आपण ऐकतच नाही.

आपल्या मराठीत भूक 'लागते'. मी भूक करत नाही, मला भूक लागते. तहान लागते, झोप लागते, ठेच लागते, वेड लागतं, आणि आपल्या विषयाला अगदी चपखल म्हणजे, गाडी लागते. या सगळ्या वाक्यांत 'मी' कर्ता नाही. काहीतरी येऊन मला चिकटतं आणि मी ते सांगतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला आपल्या आत काहीतरी अस्वस्थ होतंय एवढं कळतं. ती भूक आहे, तहान आहे, कंटाळा आहे, मळमळ आहे, की आई पुढे बसलीय आणि तिचा चेहरा दिसत नाही याची हुरहुर आहे, हे वेगळं काढायला त्याच्याकडे शब्द नसतात. जो शब्द उच्चारल्यावर मोठी माणसं हमखास हलतात, तो शब्द तो वापरतो. भूक हा तो शब्द. आईबापांना दुसरं काहीही दुर्लक्षिता येतं, मुलाची भूक येत नाही.

आता याच क्रियापदाची दुसरी बाजू बघा. सवयसुद्धा 'लागते'. पण सवय 'लावतात' देखील. भूक कोणी कोणाला लावत नाही, निदान सरळ अर्थाने नाही. सवयीला मात्र लावणारा असतो. "गाडीत बसलं की त्याला तोंड चालवायला लागतं, काय करणार" हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा बोललो आहे. त्यात लावणाऱ्याचा पत्ताच नाही. ॲरिस्टॉटल नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात हेच सांगतो की सद्गुण आपल्यात निसर्गतः येत नाहीत, वारंवार करण्याने येतात, आणि म्हणून लहानपणापासून कशाची सवय लागते याने थोडाथोडका नव्हे, सगळा फरक पडतो. वीणा वाजवून माणूस वीणावादक होतो. तसं, दर वीस मिनिटांनी पुडा उघडून मूल काय होतं, हा आपला प्रश्न.

माझ्या लहानपणाकडे थोडं जातो. "आमच्या काळी" असं म्हणणार नाही, त्या दोन शब्दांनी माझं काय झालं ते पुढे येईलच. आमचं आजोळ बार्शीला. पुण्याहून एस.टी.ने जायचं. आई आदल्या रात्री ज्वारीच्या दशम्या करायची. दुधात पीठ भिजवलेलं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही मऊ राहायच्या. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. हे सगळं एका पंचात बांधलेलं, आणि ती गाठ इंदापूर आल्याशिवाय सुटायची नाही. भूक लागली तरी नाही. आईची शिस्त कडक होती असं नव्हे. एस.टी. इतकी हादरायची की चालत्या गाडीत चटणी मांडीवर आणि मांडीवरची शेजाऱ्याच्या धोतरावर, म्हणून नाही. (हशा) शिवाय सगळ्यांसमोर एकट्याने खाणं वाईट दिसायचं. गाठ सोडली की शेजारच्या आजींना अर्धी दशमी गेलीच. मग कंडक्टरची डबल बेल, हात पुसायचे, बसायचं.

याला शब्द आहे शिदोरी. संस्कृतात पाथेय, म्हणजे पथावर उपयोगी पडणारं. शिदोरी ही जेवणाचीच धाकटी बहीण. तिला वेळ असते, जागा असते, वाटेकरी असतात.

दुसरा शब्द खाऊ. किती गोड शब्द आहे बघा. मोठ्या माणसाला कोणी खाऊ देत नाही, चेष्टेत दिला तरच. खाऊ मुलाचा असतो आणि तो कोणीतरी आणलेला असतो. बाहेरून आलेले काका, मामा, आत्या, यांच्या पिशवीकडे मूल बघतं ते खाऊसाठी. खाऊत पोट भरण्याचा भाग थोडा आणि "तू माझ्या लक्षात होतास" हा भाग मोठा. तो रोज मिळत नाही म्हणूनच तो खाऊ.

आणि तिसरा शब्द आहे चाळा. हाताला चाळा, तोंडाला चाळा. पेनाचं टोपण उघड-मीट करणं, पदराचं टोक पिळत बसणं, तसं तोंड हलवत राहणं. यात पोटही नाही आणि मायाही नाही. हात पुड्यात जातो, तोंडाकडे येतो, पुन्हा जातो. डोळे मोबाईलवर नाहीतर खिडकीबाहेर.

माझं म्हणणं एवढंच आहे की आजच्या गाडीत आपण मुलाला देतो तो चाळा, त्याला म्हणतो खाऊ, आणि मनाचं समाधान करून घेतो की ही शिदोरी आहे. तिन्ही एकाच चकचकीत पुड्यात कोंबली गेली आहेत. एस.टी. होती तोवर शिस्त बसने पाळली, आईने पाळली नाही. आता गाडी आपली, सीट मऊ, पुडा हाताशी, शेजारी परका कोणी नाही. बाहेरचे सगळे अडसर गेले. मग जो अडसर आतून यायला हवा, तो आपण मुलात तयार केला आहे का? तो काही आपोआप येत नाही.

गाडीतच हे एवढं का होतं, तेही पाहू. मुलाचं शरीर हलण्यासाठी असतं. गाडीत ते पट्ट्याने बांधलेलं असतं, आणि असायलाच हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदाही १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन सक्तीचं करतो. म्हणजे हातपाय बंद. मोकळा राहिला एकच अवयव, तोंड. त्याने मूल तीन गोष्टी करू शकतं, बोलणं, रडणं आणि खाणं. पुढच्या सीटवरच्यांना पहिल्या दोन नको असतात. तिसरीचं उत्तेजन कुठून येतं हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

त्यात वेळेचा प्रश्न. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ याने १९०७ च्या आपल्या ग्रंथात एक साधं उदाहरण दिलं आहे. पेलाभर पाण्यात साखर घातली, तर ती विरघळेपर्यंत मला थांबावंच लागतं. घड्याळाने मोजलेला काळ कागदावर लांब-आखूड करता येतो, पण थांबणाऱ्याचा काळ त्याला जगावाच लागतो. आपल्यासाठी पुणे ते कराड म्हणजे अमुक किलोमीटर, तमुक तास. मुलाकडे हा नकाशा नसतो. त्याच्यासाठी तो नुसता न संपणारा वेळ. अशा वेळी एकेक वेफर म्हणजे त्याचं घड्याळ होतं. एक संपला, दुसरा आला, काहीतरी घडलं. मूल खातंय म्हणजे खरं तर ते वेळ खातंय.

आता पालकांची एक आवडती समजूत दूर करतो. "साखर दिली की मुलं उधळतात" असं सगळे म्हणतात. यावर बरेच नियंत्रित प्रयोग झाले आणि तसा परिणाम दिसला नाही. १९९४ चा हूवर आणि मिलिच यांचा प्रयोग तर मजेचा आहे. आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला साखर दिली आहे. प्रत्यक्षात दिलं होतं साखर नसलेलं गोड पेय. त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली. म्हणजे उधळलं कोण? (हशा) तेव्हा गाडीतल्या गोडाला विरोध करायचा तर खऱ्या कारणाने करा, आणि खरं कारण दातांत आहे. दात किडण्यात एकूण साखर किती खाल्ली याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, ती किती वेळा खाल्ली आणि किती वेळ दाताला चिकटून राहिली याला महत्त्व आहे. प्रत्येक वेळी गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निवळायला वेळ लागतो. दर पंधरा मिनिटांनी एक तुकडा म्हणजे लाळेला सवडच नाही. हे ज्ञान आपल्याला कसं मिळालं हेही तत्त्वज्ञानाच्या माणसाने सांगायला हवं. स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात व्हिपेहोम नावाच्या संस्थेत मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खाऊ घालून हे तपासलं गेलं. त्या माणसांची संमती घेण्याचा प्रश्नच नव्हता. निष्कर्ष बरोबर निघाले, कृत्य बरोबर नव्हतं. लोणावळ्याची चिक्की मला आवडते, पण जेवणानंतर एकदा. तासभर चघळत नाही.

गाडी लागण्याचं थोडक्यात सांगतो. आतल्या कानाला कळतं की आपण हलतोय, आणि मांडीवरच्या मोबाईलकडे पाहणाऱ्या डोळ्यांना वाटतं की सगळं स्थिर आहे. या दोन साक्षीदारांची जबानी जुळत नाही, म्हणून मळमळतं. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही, साधारण दोन ते बारा या वयात तो जास्त असतो. उपाशीपोटीही वाईट आणि तेलकट, तिखट, भरगच्च खाऊनही वाईट. घाटाआधी थोडं कोरडं, साधं खावं, खिडकीतून लांबवर पाहावं, मोबाईल बंद. पुष्कळदा मळमळ सुरू होत असते आणि मूल म्हणतं "भूक लागली", कारण पोटात काहीतरी होतंय एवढंच त्याला कळतं. आपण त्यावर चीजचे गोळे घालतो आणि पाटणच्या पुढे जे व्हायचं ते होतं. आणखी एक. वाटेत थांबावं लागू नये म्हणून पालक मुलांना पाणी देत नाहीत आणि खारट पुडे मात्र देतात. याला काय म्हणावं मला कळत नाही.

आता ते खाजगी कारण.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नातू चार वर्षांचा व्हायचा होता. मी मागे त्याच्या शेजारी, सूनबाई पुढे, मुलगा गाडी चालवत होता. कुंभार्ली घाट सुरू झाला होता आणि तो रडायला लागला. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, त्याला आत्ता काही देऊ नका. घाट उतरला की थांबू आपण." मला राग आला. आमच्याच नातवाला खायला घालायचं नाही? मी म्हणालो, "अगं, आमच्या काळी मुलांना एवढं अडवत नसत," आणि खिशातल्या भाजलेल्या शेंगदाण्यांची मूठ त्याच्या हातावर दिली. पुड्यातलं नव्हतं, घरचं, पौष्टिक. मला अगदी विजयी वाटलं. तो गप्प झाला. वळणावर गाडी झुकली, तो खुदकन हसला, आणि मग पुन्हा गप्प झाला. ही दुसरी शांतता वेगळी होती, पण मला ती ओळखू आली नाही. मला वाटलं, बरं झालं, खातोय. सूनबाईंनी आरशातून पाहिलं आणि त्या ओरडल्या. त्याचं तोंड उघडं होतं, आवाज नव्हता, ओठांचा रंग बदलत होता. घाटात लगेच थांबायला जागा नव्हती. मुलाने दिवे लावून जिथे जमलं तिथे गाडी उभी केली, सूनबाईंनी मागचं दार उघडून त्याला ओढून घेतलं, वाकवून पाठीवर थापा मारल्या. तिसरी की चौथी, तेव्हा दाणा बाहेर आला आणि तो रडला. आयुष्यात मी इतकं चांगलं रडणं ऐकलेलं नाही.

मला कोणी काही बोललं नाही. चिपळूणपर्यंत गाडीत कोणीच काही बोललं नाही.

हे मी सहानुभूतीसाठी सांगत नाही. इथे बसलेल्यांत निम्मे आजी-आजोबा आहेत, म्हणून सांगतो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम, कडक गोळ्या, अख्खी द्राक्षं हे चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला द्यायचं नाही. घरीही नाही, आणि चालत्या गाडीत तर नाहीच. लहान मुलाच्या मागच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात, श्वासनलिका अरुंद असते, आणि गाडीत झुकणं, हसणं, गचका बसणं हे सगळं एकदम होतं. घास अडकलेलं मूल ओरडत नाही. ओरडायला हवा लागते. ते जोराने खोकत असेल तर खोकू द्या, खोकला हाच उत्तम उपाय. आवाजच बंद झाला तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने पाच ठोस थापा. तेवढ्याने निघालं नाही तर वर्षावरच्या मुलाला मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेला पाच दाब. मग पुन्हा थापा. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर दाब द्यायचा नाही. हातावर पालथं, डोकं खाली धरून थापा, आणि मग उताणं करून छातीच्या मध्यावर दाब. न दिसणाऱ्या घासासाठी तोंडात बोट घालायचं नाही, तो आणखी आत जातो. दुसऱ्या कोणीतरी लगेच १०८ ला फोन लावायचा. हे ऐकून येत नाही, एकदा प्रशिक्षित माणसाकडून हाताने शिकून घ्या. मी त्या प्रसंगानंतर शिकलो. सत्तरीत शिकलो.

तर त्या दिवशी मी नक्की काय दिलं होतं? खाऊ नव्हे. खाऊ देणाऱ्याचं लक्ष मुलाकडे असतं. माझं लक्ष सुनेशी चाललेल्या वादाकडे होतं. मी त्याला गप्प बसवण्याची वस्तू दिली, आणि तो गप्प बसला तेव्हा ती चालली असं मला वाटलं.

यातून एक वेगळा प्रश्न माझ्या मनात आला. मुलाला थांबायला शिकवायचं तर कसं? इथे सगळ्यांना तो प्रसिद्ध प्रयोग आठवतो. स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल यांनी मुलांपुढे एक गोड पदार्थ ठेवला. आत्ता खाल्लास तर एक, मी येईपर्यंत थांबलास तर दोन. जी थांबली ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली, असं त्याचं लोकप्रिय रूप. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी बऱ्याच मोठ्या गटावर हे पुन्हा तपासलं, तेव्हा तो संबंध बराच दुबळा निघाला, आणि घरची परिस्थिती वगैरे हिशेबात धरल्यावर आणखी क्षीण झाला. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो रॉचेस्टर विद्यापीठातला २०१३ साली प्रसिद्ध झालेला छोटा प्रयोग. मुलं फक्त २८. आधी त्यांना चित्रं काढायला साधे खडू देऊन सांगितलं, थांबलात तर याहून छान आणून देते. अर्ध्या मुलांना खरंच आणून दिले. उरलेल्यांकडे ती बाई रिकाम्या हाताने परतली, "सॉरी, नाहीयेत आमच्याकडे." असं दोनदा केलं. मग तो गोड पदार्थ समोर ठेवला. ज्यांना शब्द पाळलेला दिसला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना दिसला नव्हता ती तीन मिनिटं.

आता गाडीत या. "आबा, कधी येणार?" "आलंच!" शिरवळला आलंच, साताऱ्याला आलंच, उंब्रजला आलंच. "पुढच्या हॉटेलला थांबू," आणि हॉटेल मागे जातं, कारण गाडी चांगली पळतेय. "हा शेवटचा पुडा हं," आणि पिशवीत अजून तीन असतात, हे त्याने निघताना पाहिलेलं असतं. आपण मुलाला धीर नाही म्हणतो. ज्याला दिलेला शब्द दर दहा मैलांवर मोडतो, त्याने थांबावं तरी कशाच्या भरवशावर? हातात आहे ते आत्ता खाऊन टाकणं हा त्याच्या बाजूने शहाणपणाच आहे. कांट म्हणायचा की खोटं वचन हा व्यवहार सगळ्यांनीच सुरू केला तर वचन या गोष्टीलाच अर्थ राहणार नाही. त्यासाठी सगळ्या मानवजातीची गरज नाही. एक गाडी पुरते.

मग आम्ही काय केलं ते सांगतो. उपदेश म्हणून नाही, फसलेलंही सांगतो. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी पालकांसाठी एक वाटणी सुचवली आहे. काय, केव्हा आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. मला हे तत्त्वज्ञान म्हणूनही पटतं, कारण यात दोघांनाही आपापलं स्वातंत्र्य आहे. आपण बरोबर उलटं करतो. केव्हा हे मूल ठरवतं, आणि "आणखी एक घास खा, संपव ते" म्हणत किती हे आपण ठरवतो. नुसती बंदी घालूनही भागत नाही. लिअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं आहे की समोर दिसत असलेला पदार्थ अडवून ठेवला की मुलांचं त्याच्याकडे लक्ष आणि ओढ वाढते. म्हणून पुडा सूनबाईंच्या पायाशी ठेवून "नाही" म्हणत बसण्यापेक्षा तो डिकीत असलेला बरा.

आमच्या गाडीत आता डबा डिकीत असतो. साधारण दीड-दोन तासांनी थांबतो आणि थांबल्यावरच तो उघडतो. त्यात तूप-गुळाच्या पोळीची गुंडाळी, थालीपीठ, केळी, काकडी. राजगिऱ्याचा लाडू असतो, कधी चकलीही असते, मी काही वैरागी नाही. पाणी मात्र हाताशी, हवं तेव्हा. आणि निघताना त्याला कागदावर थांबे काढून देतो. सातारा, कोयनानगर, चिपळूण. आम्ही थांबलो की तो त्यावर बरोबरची खूण करतो. गाडी कितीही छान पळत असली तरी थांबतो. मुलाला, म्हणजे माझ्या मुलाला, हे सगळ्यात जड गेलं. त्याला पोचायची घाई असते.

फसलं काय? परतीचा प्रवास. संध्याकाळ असते, सगळे दमलेले असतात, आणि शिरवळच्या आसपास कोणीतरी बिस्किटांचा पुडा फोडतंच. बहुतेक वेळा मीच. नातू आता सात वर्षांचा आहे. मागच्या वेळी म्हणाला, "आबा, मला भूक नाहीये, मला बोअर होतंय. पण बिस्कीट चालेल." (हशा) एवढं वेगळं काढता आलं त्याला. मी बिस्कीट दिलं.

वेळ होत आली, दोन प्रश्न घेऊ. हो, बोला आजी.

(श्रोत्यांमधून : माझा नातू वर्षातून एकदा येतो. मी त्याला स्टेशनवरून घरी नेताना गाडीत खाऊ द्यायचा नाही का?)

द्या की. तो खाऊच आहे, खराखुरा. फक्त स्टेशनवर, गाडीत बसायच्या आधी द्या. फलाटावर एखाद्या बाकावर बसा दोघं. काय आणलंय?

(बेसनाचा लाडू.)

मग पाण्याची बाटली न्या बरोबर. त्याला एक द्या आणि एक तुम्ही खा. सामान मुलगा बघेल.